पडलेल्या विमानाची डागडुजी : नवशिक्यांसाठी, खास नारायणगाव आवृत्ती

हे मार्गदर्शन ज्यांचं विमान पडलं आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांचं अजून पडलेलं नाही त्यांनीही वाचून ठेवावं, फार दिवस थांबावं लागत नाही. विमान म्हणजे रिमोटवरचं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 120 सेंटिमीटर, वजन बॅटरीसकट किलोच्या आतबाहेर, अंग फोमचं किंवा सनबोर्डचं. माणूस आत बसवून उडणाऱ्या विमानाच्या दुरुस्तीची चौकशी कृपया ओझरला करावी. ओझर म्हणजे नाशिकजवळचं, जिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे ते. आपल्या शेजारच्या ओझरला विघ्नेश्वर आहे. नवशिक्याने दोन्हीकडे ओळख ठेवलेली बरी.

साहित्याची लांबलचक यादी वाचून नवशिका थेट पुण्याची एसटी धरतो. धरू नका. लागणारं बहुतेक सामान नारायणगावातच, शेतीच्या दुकानात आणि घरात असतं: बांबूची कामटी, सुतळी, पॅकिंगची चिकटपट्टी, सायकलचा जुना स्पोक, दोन ट्यूबा मिसळून लावायचं अ‍ॅराल्डाइट, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा आणि थोडी सुट्टी नाणी. काटा घेताना घरात विचारा. नाणी कशाला, ते पुढे येईल. बाल्सा नावाचं एक लाकूड या छंदात फार मानाचं. ते मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरहून येतं आणि वजनाला सागाच्या पाव हिश्शाच्या आसपास भरतं. ते पहिल्या विमानाला वापरू नका. फोम पडला की मोडतो, बाल्साचा भुगा होतो.

पायरी पहिली : जागचं हलू नका

विमान दिसेनासं झालं की नवशिका पळत सुटतो. आधी रिमोटवरची थ्रॉटलची, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारी, काडी खाली ओढा. प्रोपेलर मातीत रुतून अडलेला असतो आणि मोटर मात्र फिरायचा हट्ट सोडत नाही. अशा वेळी करंट वाढत जातो आणि मोटरला वीज मोजून देणारं ईएससी जळतं. पडण्यातून वाचलेलं सामान पडल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात जाळून टाकणारे पुष्कळ.

मग उभे आहात तिथूनच, विमान शेवटचं दिसलं त्या रेषेवरची न हलणारी खूण धरा: विजेचा खांब, नारळ, विहिरीवरची मोटरची खोली. म्हैस चालत नाही. लांबवर सोबती उभा असेल तर त्यालाही त्याच्या जागेवरून खूण धरायला सांगा. दोघांच्या रेषा छेदतील तिथे विमान. जवळ पोचल्यावर सोबत्याला रिमोटच्या काड्या हलवायला लावा, थ्रॉटल सोडून. विमानातला रिसीव्हर शुद्धीवर असेल तर पंख-शेपटीवरच्या पट्ट्या हलवणाऱ्या सर्वोची बारीक कुईकुई ऐकू येते.

कुठे पडलं यावर पुढचं सगळं अवलंबून. कांद्यात पडलं तर लगेच दिसतं. टोमॅटोत पडलं तर बांबू, तार आणि सुतळीच्या बांधणीत पंख अडकून फाटतो. टोमॅटोचा भाव काय चालू आहे ते बघून मगच वावरात पाय टाका. 2023 च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या घरात भाव गेला होता. त्या दिवसांत एखाद्याचं विमान टोमॅटोत पडलं असतं तर विमान तिथेच सोडून येणं परवडलं असतं. द्राक्षबागेत ते मांडवाच्या तारांवर वरच्या वर झेललं जातं, म्हणजे विमानाचं नुकसान कमी, पण खाली घड लटकत असतील तर बागायतदारासमोर तोंड उघडायची हिंमत होत नाही.

आणि ऊस. इथे थट्टा बाजूला ठेवू. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात ऊस हे बिबट्याचं घर आहे, मादी पिल्लंसुद्धा तिथेच घालते. माणिकडोहला वनखात्याचं बिबट्या निवारा केंद्र आहे ते काही शोभेला नाही. या भागात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. म्हणून तिन्हीसांजेला उसात शिरायचं नाही, एकट्याने कधीच शिरायचं नाही, मुलांना तर पाठवायचंच नाही. सरीतून वाकून किंवा उकिडवं बसून शोधायचं नाही, कारण वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही. उजाडल्यावर, उसाच्या मालकाला बरोबर घेऊन, चार जणांनी मोठमोठ्याने बोलत जायचं. विमान रात्रभर दवात राहून रिसीव्हर बिघडला तर बिघडू दे.

मालकाला भेटताना सुरुवात अशी करावी: "आबा, तुमच्या उसात विमान पडलंय." आबांचा पहिला प्रश्न, "माणूस न्हाई ना त्यात?" दुसरा, "ऊस किती मोडला?" तिसरा, "केवढ्याचं हाय?" तिसऱ्याचं खरं उत्तर देऊ नये. ते तुमच्या आधी घरी पोचतं.

पायरी दुसरी : पंचनामा

विमान सापडलं की ते आहे तसं राहू द्या आणि फोनवर फोटो काढा. कुठला भाग कुठे पडला, चाक किती लांब, बॅटरी जागेवर होती की बाहेर फेकली गेली, हे नंतर आठवत नाही. एवढं होईतो माणसं जमतात. गाव तमाशाच्या विठाबाई नारायणगावकरांचं. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या घेऊन येतात. इथल्या माणसाला कार्यक्रम कळतो, आणि फसलेला कार्यक्रम तोंडावर सांगायची त्याला सवय आहे.

कारणं ठरलेली असतात. "वारं लागलं." "सेल उतरला आसंल." "चायनाचा माल." आणि थोडा शिकलेला कोणी असला तर, "खोडदच्या डिशनं वढलं."

या शेवटच्या कारणाला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण ते नेमकं उलटं आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. त्यांतल्या 14 खोडदजवळ एकवटलेल्या आणि 16 तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात, लांबवर गेलेल्या. त्या काही ओढत नाहीत आणि काही सोडतही नाहीत, आकाशातून येणारे अत्यंत क्षीण रेडिओ संकेत ऐकत बसतात. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून तर ही जागा निवडली. तेव्हा त्रास झालाच तर तुमच्या विमानाचा त्यांना होईल. हल्लीचे रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि दुर्बीण साधारण 120 ते 1,450 मेगाहर्ट्झमध्ये ऐकते, म्हणून साध्या रिमोटची तिच्याशी थेट गाठ पडत नाही. पण लांब पल्ल्यासाठी 433 मेगाहर्ट्झचं यंत्र, किंवा विमानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र 1.2-1.3 गिगाहर्ट्झवर पाठवणारा ट्रान्समीटर कोणी गळ्यात मारत असेल तर तो या तालुक्यात नको. दोन्ही नेमके तिच्या ऐकण्याच्या पट्ट्यात बसतात. डिशच्या आसपास तर साधं विमानही नको. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या निमित्ताने दुर्बीण लोकांना बघायला मिळते, शाळा-कॉलेजची मुलं प्रयोग मांडतात. विमान तिथे न्यायचंच असेल तर टेबलावर ठेवून दाखवा.

खरं कारण शोधायचं तर लोकांना एकच विचारा: पडताना कसं पडलं? नाक वर करून, क्षणभर हवेत थबकून, मग एक पंख टाकून गिरक्या घेत आलं असेल तर शेपटीकडे वजन जास्त झालं होतं. चढताना चिकटपट्टा सुटून बॅटरी मागे घसरली की असंच होतं. सरळ सूर मारला असेल तर एलिव्हेटरची, म्हणजे शेपटीवरच्या आडव्या पट्टीची, तार निसटली का बघा. आणि विमान तुमच्याकडे तोंड करून येत असताना हळूहळू कलत, कलत, जास्तच कलत गेलं असेल तर विमानात काहीही शोधू नका. समोरून येणाऱ्या विमानाचं उजवं ते तुमचं डावं, हे डोक्याला ठाऊक असतं, अंगठ्यांना नसतं. या प्रकाराला लोकांपुढे "सिग्नल गेला" म्हणायची पद्धत आहे.

पायरी तिसरी : बॅटरी, आणि तिच्या बाबतीत शहाणपणा

तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, 11.1 व्होल्ट, 2,200 मिलीअँपिअर-तास, वजन साधारण 180 ग्रॅम. ती फुगली असेल, तिचा कोपरा चेपला असेल किंवा तिला गोडसर वास येत असेल तर ती संपली. घरात आणू नका. मोकळ्यावर, कडब्याच्या गंजीपासून लांब, वाळू भरलेल्या मडक्यात ठेवा. चेपलेली बॅटरी बऱ्याच वेळानेही पेट घेऊ शकते. जमलेल्यांपैकी कोणीतरी टाचणी टोचून हवा काढायला सुचवेल. त्याच्यापासूनही लांब उभे राहा. आणि "एकदा चार्जिंगला लावून तरी बघू" हे वाक्य घरात कोणालाही उच्चारू देऊ नका.

पायरी चौथी : चिकटवणं

ही सगळ्यात लोकप्रिय पायरी. मोडलेलं चिकटवायला सगळ्यांना आवडतं, दहा हात पुढे येतात, प्रत्येकाच्या घरी एक वेगळी ट्यूब असते. नेमक्या याच पायरीवर आजचं विमान उद्या पुन्हा पाडायची तयारी होते. कसं, ते सहाव्या पायरीत.

आधी मोडलेलं विमान, सुटलेल्या सगळ्या तुकड्यांसकट, काट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. मग कागदाच्या कपट्यावर गोंदाचा थेंब टाकून तो विमानाच्याच एखाद्या निरुपयोगी तुकड्याला लावून बघा. झटपट चिकटणारा गोंद आणि चपला-टायरांचं सोल्यूशन थर्माकोलला खातात. चिकटवायला गेलेल्या जागी भोक पडतं, मग भोक बुजवायला आणखी गोंद लागतो. थर्माकोलला अ‍ॅराल्डाइट चालतं, पांढरा फेविकॉलही चालतो, मात्र फेविकॉल फटीच्या आत सुकायला रात्र घेतो. घाईच्या माणसाने ग्लू गन वापरावी आणि तिचा गोंद जड असतो हे लक्षात ठेवून हात आवरावा.

मोडलेला पंख नुसता तोंडाला तोंड लावून चिकटवू नका. मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर पुरेल एवढी बांबूची कामटी तासून घ्या, पंखाच्या खालच्या अंगाला तेवढीच खाच पाडा आणि कामटी त्यात बसवून अ‍ॅराल्डाइट लावा. चेपलेलं नाक इपीओ नावाच्या फोमचं असेल तर त्याला गोंद लागतच नाही. उकळत्या पाण्यात थोडा वेळ धरलं की दाबले गेलेले दाणे पुन्हा फुलतात आणि नाक बरंचसं जागेवर येतं. आधी मोटर काढून घ्या. पातेलं कुठलं घ्यायचं यावरही घरात विचारा. पांढऱ्या साध्या थर्माकोलवर हा प्रयोग नको, ते आक्रसतं.

सर्वोचा दांडा हाताने हळूच फिरवून बघा. मध्येच अडखळला किंवा सैल फिरला तर आतल्या प्लास्टिकच्या चक्राचे दात गेले. सर्वो बदला, चिकटवू नका. प्रोपेलरला चरा गेला असेल तर तो टाकून द्या. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला साडेसात हजार फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. गोंदाने जोडलेलं पातं या वेगात कुठे जाईल याची खात्री नाही आणि बोटं जवळच असतात.

गोंद किती लावायचा याचा अंदाज येत नसेल तर लांबून खोडदच्या डिश बघून या. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या आखल्या तेव्हा भक्कम पत्र्याची तबकं केली नाहीत. ताणलेल्या पोलादी तारांवर बारीक तारेची जाळी बसवली. वारा आरपार निघून जातो, म्हणून कमी लोखंडात 45 मीटरचा पसारा उभा राहतो. आपल्याकडे मात्र मजबूत म्हणजे जाड, हा समज घरोघर आहे, आणि मोडक्या शेपटीवर अ‍ॅराल्डाइटचा लाडू थापून वर चिकटपट्टीचे तीन वेढे मारल्यावरच माणसाला समाधान मिळतं.

पायरी पाचवी : रंगरंगोटी

करू नका. रंगालाही वजन असतं.

पायरी सहावी : तोल

विमान आता पहिल्यासारखं दिसतं. बघणारे म्हणतात, "कळतबी न्हाई मोडलं हुतं ते." हे वाक्य ऐकून विमान उडवायला निघालेले बरेच जण त्याच संध्याकाळी पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. विमान कसं दिसतं याच्याशी हवेला देणंघेणं नाही. हवेला फक्त वजन कुठे आहे ते कळतं, आणि दुरुस्तीने वजन नेमकं हलवलेलं असतं. म्हणून या पायरीला दुपार द्या. चहा दोनदा होऊ द्या.

आधी सरळपणा बघा. पंखाच्या एका टोकापासून शेपटीच्या त्याच बाजूच्या टोकापर्यंत सुतळी धरा. तीच लांबी दुसऱ्या बाजूला भरली पाहिजे, नाहीतर शेपूट वाकडी चिकटली आहे. मग मागे उभं राहून एक डोळा मिटून पंखाकडे बघा. मागची कड एका बाजूला पीळ खाऊन वर किंवा खाली गेली असेल तर विमान आयुष्यभर त्याच बाजूला वळत राहील. मोटर नाकावर अगदी सरळ बसलेली नसते हेही लक्षात असू द्या. साधारण दोन अंश उजवीकडे आणि दोन अंश खाली असा तिचा कल मुद्दाम दिलेला असतो. मागून बघताना प्रोपेलर उजवीकडे फिरतो, त्याची उलट ओढ विमानाला डावीकडे कलवते, ती मोडायला उजवा कल. पडल्यावर वाकलेली मोटर "सरळ" करून देणारे मिस्त्री गावात आहेत. त्यांना तिच्यापासून लांब ठेवा.

आता खरं काम. पंखाची पुढची कड ते मागची कड ही रुंदी मोजा. आपल्या विमानाची 20 सेंटिमीटर धरू. पुढच्या कडेपासून त्याच्या पाव हिश्शावर ते तीस टक्क्यांवर, म्हणजे 5 ते 6 सेंटिमीटरवर, विमानाचा गुरुत्वमध्य आला पाहिजे. मधली साडेपाचची जागा धरून पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा. विमान उडायला तयार असतं तसं पूर्ण जोडा: प्रोपेलर, चाकं, झाकण आणि बॅटरीसुद्धा. बॅटरीशिवाय तोल बघणारा माणूस दुसऱ्याच विमानाचा तोल बघत असतो. खोडरबर लावलेल्या दोन पेन्सिली लाकडाच्या ठोकळ्यात उभ्या रोवा आणि त्यांच्या टोकांवर विमान त्या खुणांवर टेकवा. बोटांवरही जमतं, पण बोटं प्रामाणिक नसतात, मालकाला हवं तिकडे सरकतात.

विमान शेपटीकडे कललं तर दचकू नका, ते कलणारच. समजा मोडकी शेपूट जोडताना गोंद आणि पट्टी मिळून अवघे 8 ग्रॅम चढले. शेपूट गुरुत्वमध्याच्या 60 सेंटिमीटर मागे आहे. आठ गुणिले साठ, 480. नाकात वजन ठेवायला जागा गुरुत्वमध्याच्या फक्त 20 सेंटिमीटर पुढे आहे. 480 भागिले वीस, 24. म्हणजे मागे चढलेल्या 8 ग्रॅमना पुढे 24 ग्रॅमचा पासंग लागतो. जुन्या तराजूच्या हलक्या पारड्याला व्यापारी दगड बांधायचे, तसाच हा. पाच रुपयांचं नाणं सुमारे 6 ग्रॅमचं धरू, म्हणजे चार नाणी. वीस रुपये नाकात आणि विमान एकूण 32 ग्रॅमनी जड. शेपटीवर समाधानासाठी मारलेल्या तीन वेढ्यांची ही किंमत.

नाणी चिकटवण्याआधी मात्र दुसरा उपाय बघा. बॅटरी 180 ग्रॅमची आहे. 480 भागिले 180, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटरच्या आत. तेवढी बॅटरी पुढे सरकवली की तोल आपोआप येतो, एक ग्रॅमही न वाढवता. नाकाच्या पोकळीत तेवढी जागा नसेल तर फोम थोडा कोरा. तेही जमत नसेल तरच नाणी. बॅटरीची नवी जागा पेनाने आखून ठेवा आणि चिकटपट्टा घट्ट ओढा. कारण आता तोल तिच्यावर टांगलेला आहे.

नाक किंचित जड राहिलं तर चालतं. असं विमान जरा सुस्त उडतं, उतरताना जास्त वेग मागतं, पण काडीला ऐकतं. शेपूट जड राहिली तर काडी हलवावी त्याच्या दुप्पट नाक वर जातं, वेग मरतो, पंखाखालची पकड सुटते आणि पंचनाम्यातली ती गिरकी पुन्हा बघायला मिळते. विमानाने आपणहून नीट उडावं यासाठी शेपूट काय करते हे 1871 साली आल्फाँस पेनो या तरुण फ्रेंच माणसाने दाखवून दिलं. पॅरिसच्या त्वीलरी बागेत त्याने रबराच्या पिळावर चालणारं खेळण्याएवढं विमान उडवलं. ते 11 सेकंद आणि सुमारे 40 मीटर गेलं, कोणी हात न लावता, कारण त्याची शेपूट पंखापेक्षा थोड्या कमी कोनात बसवलेली होती. शेपूट चिकटवताना अंदाजे चालत नाही ते यामुळे.

आडवा तोल लोक विसरतात. प्रोपेलरच्या मागे आणि शेपटीपाशी अशा दोन सुतळ्या बांधून विमान दाराच्या चौकटीला टांगा. ज्या पंखात कामटी घातली तो खाली येईल. मध्यापासून 20 सेंटिमीटरवर 10 ग्रॅमची दुरुस्ती असेल तर 200 झाले. दुसऱ्या पंखाच्या टोकाला, मध्यापासून 58 सेंटिमीटरवर, साडेतीन ग्रॅम लागतील. रुपयाचं हल्लीचं नाणं तीन ते पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतं. टोकाला चिकटपट्टीखाली दडवा. कामटी बसवलेल्या बाजूलाच "मजबुतीसाठी" आणखी एक कामटी घालायचा मोह होईल. जमलेल्यांपैकी कोणालाही तो होऊ शकतो. चौकटीजवळ पहारा ठेवा.

नव्या प्रोपेलरचाही तोल बघा. मधल्या भोकात सुई घालून आडवा धरला की जड पातं खाली बसतं. हलक्या पात्याच्या पाठीला चिकटपट्टीचा कपटा लावा, दोन्ही पाती आडवी ठरेपर्यंत. हे टाळलं तर मोटर थरथरते आणि तिच्या थरथरीने तुम्ही जिवापाड चिकटवलेलं सगळं हळूहळू सुटतं.

शेवटी विमान पुन्हा काट्यावर ठेवा. पहिल्या आकड्यापेक्षा किती वाढलं ते पोटावर लिहा, तारखेसह. तीन-चार अपघातांनंतर हे आकडे वाचण्यासारखे असतात.

पायरी सातवी : डावं, उजवं, वर, खाली

सर्वो बदलला, वायरी काढून घातल्या, म्हणजे आता एखादा कान, म्हणजे पंख-शेपटीवरची हलणारी पट्टी, उलटा चालण्याची दाट शक्यता. उलट्या एलेरॉनचं, म्हणजे पंखावरच्या उलट्या कानांचं, विमान अंगणात अगदी नीट वाटतं. प्रोपेलर काढून ठेवा, विमानाच्या मागे उभे राहा. उजवीकडे काडी ढकलली की उजव्या पंखाचा एलेरॉन वर आणि डाव्याचा खाली. काडी स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर, म्हणजे शेपटीची उभी पट्टी, काडीच्याच बाजूला. हे मोठ्याने म्हणत म्हणत बघा आणि लोक हसले तर हसू द्या. मग सोबत्याला विमान धरून उभं करा, रिमोट घेऊन लांब चालत जा. काड्या हलवल्यावर लांबवरही कान लगेच हलतात का, ते तो हात वर करून सांगेल. बऱ्याच रिमोटमध्ये ताकद कमी करून ही तपासणी करायची सोय असते. ती वापरली तर फार चालावं लागत नाही.

पायरी आठवी : पुन्हा हवेत

सकाळची वेळ घ्या, दव वाळल्यावर, वारं सुटण्याआधी. पीक निघालेलं मोकळं रान, मालकाची परवानगी, आजूबाजूला विजेच्या तारा नाहीत आणि पुणे-नाशिक रस्ता लांब. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघा. हिरव्यातही 400 फुटांच्या वर जायचं नाही आणि विमान डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही. जत्रेच्या गर्दीवर तर अजिबातच नाही, कितीही आग्रह झाला तरी. आग्रह होईल.

सोबत्याने विमान वाऱ्याच्या तोंडाला, सपाट, खांद्याच्या उंचीवरून सोडायचं. वर आकाशात फेकायचं नाही. क्रिकेट खेळणारी मुलं हमखास वर फेकतात, म्हणून सोबती निवडताना गोलंदाज टाळा. थ्रॉटल पाऊणच्या पुढे. निदान तीन मजल्यांची उंची होईपर्यंत वळू नका. काडी सोडल्यावर नाक वर जायला लागलं तर ट्रिम, म्हणजे काडीशेजारची बारीक कळ, खाली, एका बाजूला कलत असेल तर ट्रिम दुसऱ्या बाजूला. उंचीवर गेल्यावर थ्रॉटल कमी करून बघा. विमान अलगद नाक खाली करून सरकत उतरायला लागलं तर तुमची नाणी किंवा तुमची बॅटरी बरोबर जागी आहे. ते लाटा घेत वर-खाली होत असेल तर लगेच उतरवा आणि बॅटरी अर्धा सेंटिमीटर पुढे घ्या.

पहिली फेरी लहान ठेवा. बघणारे "पलटी मारा की" म्हणतील. उतरल्यावर ट्रिम किती सरकवली ते बघून सर्वोपासून कानांपर्यंत जाणाऱ्या स्पोकच्या दांड्यांची लांबी तेवढी कमी-जास्त करा आणि ट्रिम पुन्हा मध्यावर आणा, नाहीतर पुढच्या वेळी कोणीतरी रिमोटशी खेळता खेळता ती मध्यावर नेऊन ठेवेल.

सुरू करताना आधी रिमोट, मग विमानाची बॅटरी. बंद करताना आधी विमानाची बॅटरी काढायची, मग रिमोट. उलटं केलं आणि रिमोटविना राहिलेल्या रिसीव्हरने भलतंच काही ऐकलं तर मोटर आपणहून सुरू होऊ शकते. त्या वेळी विमान बहुतेक कोणाच्या तरी मांडीवर असतं, कारण आबांच्या नातवाला ते हातात धरून फोटो काढायचा असतो.